आदेशातला ‘नका’ ऐकू येण्यासाठी

१६ जुलै २००४ रोजी सकाळी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे श्रीकृष्ण अनुदानित शाळेला आग लागली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात पेटलेली ठिणगी झावळ्यांच्या छपराला भिडली आणि वरच्या मजल्यावर दाटीवाटीने बसलेल्या मुलांवर ते जळते छप्पर कोसळले. जिना अरुंद होता, खिडक्यांना सिमेंटच्या जाळ्या होत्या. सारे काही मिनिटांत घडले आणि ९४ मुले गेली. कावेरीकाठच्या या देवळांच्या गावाचे नाव त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक शाळा-सुरक्षेच्या परिपत्रकात अदृश्य अक्षरांत लिहिले गेले आहे.

मराठी वाचकाला कुंभकोणम परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले हे गाव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. मात्र आज या गावाकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती के. संपत यांचा चौकशी आयोग नेमला गेला; खटला चालला, दहा वर्षांनी शिक्षा झाल्या. १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा खटल्यात शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि अग्निशामक उपकरणांपासून शिक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंत निर्देश दिले. छप्पर, जिना, परवाना, तपासणी या चार शब्दांभोवती आपली सगळी चर्चा फिरली, आणि ते योग्यही होते. त्या दिवशी उत्तम बिनतारी संच असते तर मुले वाचली असती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आगीने कोणालाही तेवढा अवधी दिला नाही.

तरीही कुंभकोणमचा विचार करताना एक पाचवा शब्द मला सतत खुणावतो. अरुंद गल्लीत पंप धडधडत असतो, आईबाप आक्रोश करीत असतात, बघ्यांची गर्दी लोटलेली असते, जाळ्या फोडण्याचे घाव पडत असतात. अशा कल्लोळात आत शिरलेल्या जवानाला बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा शब्द नेमका ऐकू येतो का? इमारत कशी असावी यावर आपण पुष्कळ कायदे केले. इमारत पेटल्यावर तिच्यात शिरणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत काय पोचावे, याकडे मात्र आपण खरेदी विभागाची बाब म्हणून पाहिले.

या प्रश्नाची जाणीव मला एका रंगीत तालमीत झाली. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे काम तेव्हा माझ्याकडे होते. औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात खोटा धूर केला होता. दोन जवान होज घेऊन आत गेले होते. बाहेरच्या अधिकाऱ्याने वॉकी-टॉकीवर पंपचालकाला सांगितले, “पंप बंद करू नका.” त्याने बटणावरचा अंगठा किंचित लवकर उचलला. पंपाच्या घरघरीत उभ्या चालकाला ऐकू आले ते एवढेच : “पंप बंद करू…” त्याने पंप बंद केला. आतल्या दोघांच्या हातातला होज लुळा पडला. तालीम होती म्हणून सगळे हसले. पाहणीसाठी आलेल्या आम्हा वरिष्ठांपैकी कोणीही त्याची नोंद अहवालात केली नाही, मीही नाही. एक वयस्क फायरमन तेवढा हसला नव्हता. तो मला म्हणाला, “साहेब, वायरलेसवर ‘नका’ कधी म्हणू नये. तोच नेमका खातो वायरलेस.”

त्या वाक्यात एक मोठे सत्य दडले आहे, हे मला पुढे हळूहळू उमगले. इंग्रजीत नकार आरंभी येतो. वाक्याचे शेपूट तुटले तरी मनाई शिल्लक राहते. मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येतो. ‘आत जाऊ नका’ या आदेशाचे शेवटचे दोन अक्षर गळाले की उरते ते ‘आत जाऊ’, म्हणजे जवळजवळ उलट आज्ञा. तमिळमध्येही अडचण तीच. ‘उळ्ळे पोंग’ म्हणजे आत जा आणि ‘उळ्ळे पोगादींग’ म्हणजे आत जाऊ नका; नकार क्रियापदाच्या पोटात, शेवटाकडे सरकलेला. बिनतारी संभाषणात सर्वाधिक धोक्यात असतात ती वाक्याची दोन टोके. बटण नीट दाबले जाण्याआधी माणूस बोलू लागतो, म्हणून पहिले अक्षर जाते; बोलणे संपण्याआधी बटण सोडतो, म्हणून शेवटचे जाते. परदेशी नियमपुस्तिका शब्दशः उचलून आपल्या दलांचे भागणार नाही, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण ध्वनीचे. साधे संभाषण साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. पंप, सायरन, लाकूड व पत्रा कापणाऱ्या करवती, श्वसनसंचातील हवा संपत आल्याची शिटी हे आवाज त्याच्या कितीतरी वर जातात. काही तर १०० डेसिबलच्या पुढे. त्यात जवानाच्या तोंडावर मुखवटा असतो. त्यामुळे व्यंजने बोथट होतात आणि प्रत्येक श्वासाचा घरघराट मायक्रोफोनमध्ये शिरतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्येच दाखवून दिले होते. परंतु मायक्रोफोनसमोर ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाही, फाटतो. शिवाय बिनतारी वाहिनी मानवी आवाजाचा फार थोडा पट्टा वाहून नेते, ढोबळमानाने ३०० ते ३,४०० हर्ट्झ. ‘स’, ‘श’ या ध्वनींची बरीचशी ऊर्जा त्या मर्यादेच्या वर असते. ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ यांतला फरक शांत खोलीत कोणालाही कळतो. धुरात, मुखवट्याआडून, चौथ्या मजल्यावर तो कळेलच याची खात्री नाही. आणि जखमी माणूस सातव्या मजल्यावर आहे की आठव्या, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात.

मग आधुनिक डिजिटल संच घ्यावेत, हे उत्तर सहज सुचते. येथेच अमेरिकेतील अनुभव मोलाचा आहे. तेथील अनेक अग्निशमन दलांनी डिजिटल संच स्वीकारल्यावर जवानांकडून तक्रारी येऊ लागल्या की, गोंगाटात बोलणे अगम्य होते. अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी अभ्यासगट नेमला. सरकारी प्रयोगशाळेने आगीच्या ठिकाणचे खरे आवाज (करवत, पाण्याचा फवारा, धोक्याच्या घंटा) पार्श्वभूमीला ठेवून ऐकणाऱ्यांची चाचणी घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले : काही प्रकारच्या गोंगाटात जुने ॲनालॉग संच डिजिटलपेक्षा अधिक समजत होते.

कारण समजण्यासारखे आहे. डिजिटल संचातील संगणकीय यंत्रणा आवाज जसाच्या तसा पाठवीत नाही. हा मानवी स्वर आहे असे गृहीत धरून त्याचे मोजके गुणधर्म पाठवते आणि पलीकडे त्यांवरून आवाज नव्याने घडवते. स्वरात करवत मिसळली की त्या गृहीतकालाच तडा जातो. ॲनालॉग संचात खरखर वाढत जाते आणि कान त्या खरखरीतून शब्द वेचत राहतो. डिजिटलमध्ये आवाज स्वच्छ असतो, नाहीतर एकाएकी तुटतो. त्यानंतरच्या वर्षांत ही यंत्रणा सुधारली आहे. स्थान कळणे, संकटसूचक बटण, गटनिहाय संभाषण हे डिजिटलचे लाभही खरे आहेत. मुद्दा जुने की नवे असा नाही. खरेदीआधी गोंगाटात ऐकून पाहिले की नाही, एवढाच आहे. त्या चाचण्यांनंतर तेथील जवानांना मिळालेल्या सूचना साध्या होत्या : मायक्रोफोन मुखवट्याच्या बोलण्याच्या जागेपासून एक-दोन इंचांवर धरा, गोंगाटाकडे पाठ करा, त्याला शरीराने आडोसा द्या. या सूचनांना खर्च काहीच नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. न पोचलेल्या आदेशामागे बहुधा न ठरलेला अधिकार असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. जहाजाचा कप्तान, गोदीचे व्यवस्थापन, लष्कराचा दारूगोळा-तज्ज्ञ आणि अग्निशमन दलाचे प्रमुख सारे एकाच धक्क्यावर उभे होते. जहाज बुडवावे की समुद्रात न्यावे की जागेवरच विझवावे, यावर एक अंतिम शब्द निघाला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात आपण पुष्पचक्रे वाहतो. परंतु धक्क्यावर अनेक तोंडे होती आणि आदेश एकही नव्हता, हा त्या दिवसाचा धडा भाषणांत क्वचितच ऐकू येतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हाच धडा वेगळ्या रूपात समोर आला. जागतिक व्यापार केंद्राचा दक्षिण मनोरा ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या २९ मिनिटांत उत्तर मनोऱ्यातील जवानांना बाहेर पडण्याचा आदेश दिला गेला. काहींनी तो ऐकला आणि ते वाचले. काहींना तो ऐकूच गेला नाही, काही इतरांच्या मदतीसाठी थांबले, आणि शेजारचा मनोरा कोसळल्याचे कित्येकांना माहीत नव्हते. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसणारा धोका अग्निशमन अधिकाऱ्यांपर्यंत थेट पोचण्याची सोय नव्हती. त्याच इमारतीत १९९३ च्या बॉम्बस्फोटावेळी संपर्काच्या अडचणी उघड झाल्या होत्या, त्यानंतर संकेत वाढविणारे यंत्रही बसविले होते. पण ऐन वेळी त्याचा पूर्ण उपयोग झाला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. पुढे १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ रहिवासी गेले. नियंत्रण कक्षात येणारे अडकलेल्यांचे फोन आणि जिन्यात झुंजणारे जवान यांच्यातला दुवा इतका क्षीण होता की माहिती कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून धावत न्यावी लागली. श्रीमंत देशांची ही गत असेल, तर यंत्र विकत घेतल्याने संपर्क विकत मिळत नाही, हे मान्य करायला हवे.

विमान वाहतूक क्षेत्राने मात्र एका अपघातातून शब्दांची शिस्त शिकून घेतली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन महाकाय विमाने धडकली आणि ५८३ माणसे गेली. एकाच वाहिनीवर दोघे एकाच क्षणी बोलले. दोन्ही संदेश एका कर्कश शिटीत बुडाले आणि पहिल्या वैमानिकाला इशारा ऐकू गेला नाही. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीसाठीच वापरावा, इतर वेळी उच्चारूच नये, असा दंडक रूढ झाला. मिळालेली सूचना वैमानिकाने उलट वाचून दाखवायची, अंक एकेक करून उच्चारायचे, ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत होऊ नये म्हणून ‘नाइनर’ म्हणायचे, ही शिस्त जगभरच्या वैमानिकांच्या अंगवळणी पडली आहे. आपल्या अग्निशमन दलांसाठी अशी मराठी, तमिळ, हिंदी शब्दसूची तयार करायला कोणत्या परदेशी तंत्रज्ञानाची गरज आहे?

अडचण रचनेचीही आहे. तमिळनाडूत अग्निशमन व बचाव सेवा हे राज्य शासनाचे एकसंध खाते आहे. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने महापालिका व नगरपालिकांचे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनेही ते स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोगे मानले आहे. स्थानिक बांधिलकी हे या व्यवस्थेचे बळ आहे. पण मोठ्या आगीत शेजारच्या शहराचा बंब मदतीला येतो, औद्योगिक वसाहतीचे दल येते, पोलीस येतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातातला संच वेगळ्या वाहिनीवर बोलत असला तर चार दले शेजारी उभी राहूनही एकमेकांशी मुकी राहतात. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकारी आपण गमावले. जुनी इमारत कोसळताना इशाऱ्याला सेकंदांचाच अवधी असतो. तो एकाच क्षणी सर्वांच्या कानी पडावा यासाठीची तयारी मात्र काही वर्षे आधी करावी लागते.

पैसा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातून बंब येतील, शिड्या येतील, बिनतारी संचही येतील. निविदेत संचाचा पल्ला, बॅटरीचे आयुष्य, पाण्यापासून संरक्षण यांच्या रकान्यांसोबत आणखी एक रकाना असावा, अशी माझी सूचना आहे : चालू पंपाशेजारी, मुखवटा घातलेल्या जवानाने स्थानिक भाषेत उच्चारलेल्या शंभर शब्दांपैकी पलीकडच्या जवानाला किती बरोबर कळले? ही चाचणी घेण्यास नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयापेक्षा योग्य जागा कोणती? सहा दशकांहून अधिक काळ देशभरचे अधिकारी तेथे घडत आहेत. मराठी, तमिळ, हिंदी, बंगाली बोलणारे प्रशिक्षणार्थी एकाच आवारात असतात. शब्दसूची, मुखवटे, पंप आणि कान सारे तेथे उपलब्ध आहे.

शब्दसूचीचे तत्त्व त्या वयस्क फायरमनने सांगितले तेच असावे. मनाईसाठीही होकारार्थी, स्वतंत्र शब्द हवा. ‘आत जाऊ नका’ऐवजी ‘बाहेर थांबा’; ‘पंप बंद करू नका’ऐवजी ‘पंप चालू ठेवा’. प्रत्येक आदेश ऐकणाऱ्याने परत उच्चारावा. ‘सर्वांनी बाहेर या’ हा आदेश केवळ शब्दांवर सोपवू नये. त्यासाठी संचावर वेगळा सूर आणि बंबाच्या हॉर्नचा ठरलेला इशारा असावा, म्हणजे एक साधन फसले तरी दुसरे बोलेल. आगीच्या ठिकाणी आत गेलेल्यांची वाहिनी आणि पाणी, रुग्णवाहिका, गर्दी यांच्या व्यवस्थेची वाहिनी वेगळी ठेवावी. उंच इमारतींच्या तळघरांत आणि जिन्यांत दलाचे संकेत पोचतात का, हे भोगवटा प्रमाणपत्राआधी तपासावे; अमेरिकेच्या अग्निसंहितेत अशी अट आहे. आणि सरावाच्या वेळी पंप बंद ठेवून ‘ओव्हर, ओव्हर’ म्हणण्याची प्रथा मोडावी. गोंगाटाविना केलेला सराव शाळेच्या स्नेहसंमेलनाइतकाच उपयोगी.

काही जण विचारतील, जेथे श्वसनसंच अपुरे, पदे रिकामी, तेथे शब्दोच्चाराची चिंता ही चैन नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. रिकामी पदे भरली पाहिजेत आणि श्वसनसंच प्रत्येकाला मिळालेच पाहिजेत. परंतु वर सुचविलेल्या उपायांपैकी निम्म्यांना एक रुपयाही लागत नाही. त्यांना हुकूमनामा लागतो आणि तो पाळून घेण्याची चिकाटी. माणसे कमी असतील, तर त्या मोजक्या माणसांपर्यंत शब्द पोचण्याची गरज वाढते.

या कामाला मुदतही ठरलेली आहे, आणि ती शासनाने नव्हे, आकाशाने ठरविली आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. त्याच गुरूच्या त्याच राशीतील वास्तव्यात, माघी पौर्णिमेच्या सुमारास कुंभकोणमच्या तलावावर महामहम भरतो. गोदावरी आणि कावेरी यांना जोडणारे हे बारा वर्षांचे चक्र आहे. दोन्ही गावांना या चक्राने जखमाही दिल्या. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमच्या चेंगराचेंगरीत सुमारे ५० भाविक गेले. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये ३९. लाखोंच्या जयघोषात, ध्वनिक्षेपकांच्या कल्लोळात ‘थांबा’ हा एक शब्द बंदोबस्तावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे हे आगीतल्या संपर्काइतकेच कठीण असते. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये, कुंभकोणमचा महामहम २०२८ मध्ये आहे. दोन्ही राज्यांनी घाटांच्या आराखड्यासोबत एक सामाईक वाहिनी, एक सामाईक शब्दसूची आणि गोंगाटातला एक खरा सराव एवढे तरी ठरवावे. नाशिकने आधी करून पाहावे, आपल्या चुका लिहून ठेवाव्यात आणि त्या कुंभकोणमला कळवाव्यात.

त्या रंगीत तालमीच्या अहवालात मी जी ओळ लिहिली नाही, ती आज येथे लिहितो आहे. पंप बंद पडला तो चालकाच्या चुकीने नव्हे. त्याला मिळालेला आदेश त्याने तंतोतंत पाळला. आदेश त्याच्यापर्यंत पुरा पोचेल, ही जबाबदारी आमची होती.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)